टॉरस कशानं संपली? एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार,

फोर्ड टॉरस या अमेरिकी सेडान गाडीवरच्या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. दोन ओळींत आभार मानून सोडून द्यावी अशी ती नाही, म्हणून हे लांबलचक उत्तर.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. ‘फोर्डला वाचवणारी गाडी’ हे माझं वाक्य तुम्हाला भाबडं वाटलं. टॉरसचा आकार ऑडीवरून उचललेला होता आणि मी ते लपवलं, असं तुम्ही म्हणता. ‘अमेरिकेत सर्वाधिक खपलेली गाडी’ हा मान फोर्डनं भाड्यानं गाड्या देणाऱ्या कंपन्यांच्या जिवावर मिळवला. १९९६ च्या अंडाकृती डिझाइननं टॉरस बुडाली हा माझा निष्कर्ष वरवरचा आहे. २०१९ मध्ये बंद झालेली टॉरस मिड-साइझ, म्हणजे मध्यम आकाराची, नव्हतीच. आणि जुन्या टॉरसची शेवटची गाडी शिकागोला बनली हे मी चूक लिहिलं.

आधी ऑडीबद्दल, कारण ‘लपवलं’ हा शब्द मला लागला. ऑडी ५००० ही गाडी टॉरसच्या टीमसमोर होती, यात वादच नाही. पण फोर्डनं ते कधी लपवलं नाही, उलट अभिमानानं सांगितलं. बाजारातल्या जवळपास पन्नास गाड्या त्यांनी आणल्या, खोलल्या आणि चारशेच्या घरात बारीकसारीक गोष्टींची यादी केली. प्रत्येक गोष्टीत सगळ्यात चांगली गाडी कोणती, ते त्यात लिहिलं. अ‍ॅक्सिलरेटरच्या पेडलला पाय लावल्यावर जे जाणवतं त्यात ऑडी ५००० अव्वल. पेट्रोलचा काटा सगळ्यात अचूक टोयोटा सुप्राचा. स्टेपनी आणि जॅक ठेवायची सोय बीएमडब्ल्यू ५२८ ई ची. मग यातलं जितकं गाठता येईल तितकं गाठायचं, असा निश्चय. दुसऱ्याचं चांगलं ते मोकळेपणानं मान्य करून त्याच्या बरोबरीला यायचं, याला मी चोरी म्हणणार नाही. डेट्रॉईटच्या, म्हणजे अमेरिकी गाडी-कंपन्यांच्या, त्या काळच्या अहंकारात तर हे फार मोठं धाडस होतं.

आकाराचं म्हणाल तर त्याची मुळं फोर्डच्या स्वतःच्या घरातही होती. प्रकल्पप्रमुख लुईस व्हेराल्डी आणि डिझाइनप्रमुख जॅक टेलनॅक हे दोघंही सत्तरच्या दशकात फोर्डच्या युरोपातल्या शाखेत होते आणि दोघांनीही तिथे फिएस्टा या छोट्या गाडीवर काम केलं होतं. १९८२ मध्ये युरोपात आलेली सिएरा बघा, १९८३ ची थंडरबर्ड बघा. वाऱ्याला कापत जाणारे हे गोल कडांचे आकार टॉरसच्या आधीचे आहेत. शिवाय अमेरिकेत एक नियम आडवा येत होता. हेडलाइट ठरावीक मापाचे, बंद काचेचेच असले पाहिजेत, अशी सक्ती होती. फोर्डनं पाठपुरावा केला, १९८३ मध्ये नियम बदलला, आणि मग बॉनेटच्या रेषेत मिसळून जाणारे दिवे शक्य झाले. ते पहिल्यांदा फोर्डच्याच लिंकन या महागड्या ब्रँडच्या १९८४ च्या मार्क सेव्हनवर आले, टॉरसवर नंतर. जाळी नसलेला तो गुळगुळीत चेहरा आणि मधोमध निळा अंडाकृती बिल्ला यांच्यामागे इतकी धडपड होती. ऑडीकडे बघून रेघ मारली आणि झालं, इतकं ते सोपं नव्हतं.

आता ‘वाचवणारी गाडी’. इथे तुमचा एक मुद्दा मला मान्य करावाच लागेल: टॉरस यायच्या आधीच, १९८३ मध्ये, फोर्ड पुन्हा नफ्यात आली होती. मी लेखात हे लिहायला हवं होतं. पण त्याआधीची तीन वर्षं डोळ्यांसमोर आणा. १९८० ते १९८२ या काळात कंपनीला मिळून ३ अब्ज डॉलरहून जास्त तोटा झाला. आणि त्याच काळात, फिलिप कॉल्डवेल आणि डोनाल्ड पीटरसन यांच्या हाती कारभार असताना, एका गाडीवर साधारण ३ अब्ज डॉलर लावायचं ठरलं. ती पडली असती तर पुढची गाडी बनवायला पैसे कुठून आले असते? २६ डिसेंबर १९८५ ला टॉरस आणि तिची जुळी बहीण मर्क्युरी सेबल बाजारात आल्या. १९८६ मध्ये फोर्डचा नफा जनरल मोटर्सपेक्षा जास्त झाला, १९२४ नंतर पहिल्यांदा. तो सगळा टॉरसमुळे झाला असं मी म्हणत नाही. पण ‘वाचवली’ हा शब्द मी ठेवणार आहे.

आणि कशामुळे वाचली, हे मला तुम्हाला मनापासून सांगायचं आहे, कारण माझ्या लेखाचा गाभा तोच होता आणि तो तुमच्यापर्यंत पोचला नाही असं दिसतं. त्याआधी गाडी बनायची ती टप्प्याटप्प्यानं. डिझाइनवाले चित्र काढायचे आणि इंजिनीअरांच्या गळ्यात मारायचे. इंजिनीअर ते कारखान्याच्या गळ्यात मारायचे. जोडताना दार बसत नाही असं दिसलं, की मागे जायची सोय नसायची. टॉरसच्या वेळी हे सगळे पहिल्या दिवसापासून एका टेबलाशी बसले. लाइनवर काम करणाऱ्यांना, सुटे भाग पुरवणाऱ्यांना, विमा कंपन्यांना, गॅरेजवाल्यांना आधी विचारलं, की तुम्हाला कुठे त्रास होतो? जपानला दर्जाचे धडे देणारे डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग यांना फोर्डनं १९८१ मध्ये सल्ल्यासाठी बोलावलं होतं. विचारून काम करायच्या या पद्धतीवर त्यांची छाप स्पष्ट दिसते.

हे कागदावर कोरडं वाटतं. माझ्या हाताला ते लागलं ते असं. नव्वदच्या दशकात मी मिशिगनमध्ये शिकत होतो. माझ्या खोलीत राहणाऱ्या मित्राकडे १९८८ ची सेकंडहँड टॉरस होती, फिकट निळ्या रंगाची. जानेवारीतली रात्र, बाहेर शून्याच्या खाली पारा, हातात जाड मोजे, आणि आतला दिवा लावला की काचेवर चकाकी येते म्हणून अंधारच. त्या अंधारात मी हीटरचं बटण हातानं शोधलं आणि ते सापडलं. कारण पॅनेलवरची बटणं आकारानं वेगवेगळी ठेवलेली होती, रस्त्यावरची नजर न काढता बोटांना कळावीत म्हणून. सकाळी बॉनेट उघडलं तर ऑइलची डिपस्टिक आणि मालकानं स्वतः बघायच्या बाकीच्या जागा पिवळ्या रंगात. इंजिनमधलं काहीही न कळणाऱ्या मला कुठे हात लावायचा आणि कुठे नाही, हे कुणी न सांगता कळलं. मित्राच्या गाडीची ती पिवळी काडी पुसून परत आत घालताना मला पहिल्यांदा वाटलं, की ही गाडी बनवताना कुणीतरी माझ्यासारख्या माणसाचा विचार केला होता. माझं टॉरसप्रेम तिथून सुरू झालं. ते आंधळं आहे असं तुम्ही सुचवलंत, पण ते असं बोटांनी चाचपून आलेलं आहे.

यामाहानं घडवलेल्या इंजिनाची, २२० अश्वशक्तीची १९८९ ची एसएचओ, म्हणजे टॉरसची वेगवान आवृत्ती, मी लेखात एका ओळीत उरकली, ही तुमची तक्रार रास्त आहे. तिच्यावर वेगळं लिहीन.

खपाच्या मुद्द्यावर तुम्ही बरंचसं बरोबर आहात. १९८९ पासून तीन वर्षं होंडा अकॉर्ड पहिल्या नंबरवर होती. १९९२ मध्ये टॉरसनं तिला मागे टाकलं: ४,०९,७५१ विरुद्ध ३,९३,४७७. फरक सोळा हजारांचा. त्या वर्षाच्या शेवटी फोर्डनं सवलती ओतल्या होत्या आणि टॉरसच्या आकड्यात भाड्याच्या आणि कंपन्यांच्या ताफ्यांचा वाटा मोठा होता, अकॉर्ड मात्र मुख्यतः घरोघरी जात होती. भाड्यानं गाड्या देणाऱ्या हर्ट्झमध्ये १९८७ पासून फोर्डची मोठी भागीदारी होती, १९९४ मध्ये ती पूर्ण मालकीची झाली, हेही मी सांगितलं नव्हतं. तरीही एक लक्षात घ्या. १९९२ ची टॉरस पहिल्या पिढीचीच हात फिरवलेली आवृत्ती होती, आणि सात वर्षांच्या त्या गाडीला लाखो कुटुंबांनी स्वतःच्या पैशानं घेतलं. मान सवलतींनी मिळाला असेल, पण त्याच्या जवळ गाडी स्वतःच्या पायांनी पोचली होती.

१९९६ मध्ये मात्र चित्र तुम्ही म्हणता तसंच आहे. त्या वर्षीच्या विक्रीतला निम्म्याच्या आसपास वाटा ताफ्यांचा होता. हे घातक का असतं, ते सांगतो. भाड्याच्या गाड्या थोड्याच महिन्यांत लिलावात येतात. एकदम हजारो आल्या की जुन्या गाडीचा भाव पडतो. मग स्वतःच्या पैशानं टॉरस घेतलेला माणूस चार वर्षांनी ती विकायला जातो आणि शेजाऱ्याच्या टोयोटा कॅमरीला आपल्यापेक्षा कितीतरी जास्त पैसे आल्याचं बघतो. पुढची गाडी तो कुठली घेणार? पहिला नंबर टिकवण्यासाठी केलेली विक्रीच पुढची गिऱ्हाइकं घालवत होती.

यातूनच तुमच्या सगळ्यात महत्त्वाच्या आक्षेपाकडे येतो. ‘अंडाकृती डिझाइननं बुडवलं’ असं लिहून मी सोपी वाट धरली, हे खरं आहे. १९९६ च्या टॉरसची मागची काच लंबगोल, दिवे लंबगोल, रेडिओ आणि एसीचं एकत्र पॅनेलही लंबगोल. लोक बुचकळ्यात पडले. पण त्या कवचाखालची गाडी आधीच्यापेक्षा चांगली होती: सांगाडा जास्त मजबूत, वरच्या मॉडेलला २०० अश्वशक्तीचं नवं व्ही सिक्स इंजिन, पुढच्या मधल्या सीटची घडी घातली की कन्सोल व्हायचा. खरी अडचण किमतीची होती. टॉरस महाग झाली, आणि १९९७ ची नवी कॅमरी टोयोटानं खर्चात काटछाट करून, आधीपेक्षा स्वस्तात आणली. त्या वर्षी पहिला नंबर कॅमरीकडे गेला आणि टॉरसकडे परत कधीच आला नाही.

एका फसलेल्या डिझाइननं गाडी मरत नाही, हे तुमचं वाक्य मी लेखात तुमच्या परवानगीनं घेऊ इच्छितो. कारण २००० मध्ये फोर्डनं आकार सावरला होता, छत उंचावलं होतं, डिकी मोठी केली होती. मग काय झालं? मग जवळजवळ काहीच झालं नाही. सहा वर्षं ती तशीच विकली गेली. एसएचओ १९९९ मध्येच बंद झाली होती, पुढे वॅगन, म्हणजे छत मागेपर्यंत नेलेली टॉरस, गेली. त्या वॅगनमध्ये शेवटच्या रांगेतली मुलं मागे तोंड करून बसायची आणि मागच्या गाडीला हात हलवायची. अमेरिकेतल्या एका पिढीचं बालपण त्या सीटवर गेलं. पैसा दुसरीकडे चालला होता. १९९० मध्ये आलेली फोर्डची एसयूव्ही एक्सप्लोरर नव्वदच्या अखेरीस वर्षाला ४ लाखांच्या वर खपत होती आणि प्रत्येक गाडीमागे सेडानपेक्षा कितीतरी जास्त कमाई देत होती. १९९९ मध्ये व्होल्वोच्या गाड्यांचा व्यवसाय सुमारे साडेसहा अब्ज डॉलरला घेतला, पुढच्याच वर्षी लँड रोव्हर. त्या साडेसहा अब्जांत पहिल्या टॉरससारखे दोन प्रकल्प झाले असते. ज्या गाडीसाठी एकेकाळी लाइनवरच्या माणसापर्यंत जाऊन विचारलं होतं, तिच्याबद्दल आता कुणी काही विचारेनासं झालं. माझ्या सुधारलेल्या लेखात टॉरसच्या मृत्यूचं कारण म्हणून मी हेच लिहिलं आहे.

मिड-साइझच्या प्रश्नावर तुम्ही पूर्ण बरोबर. सप्टेंबर २००६ मध्ये अ‍ॅलन मुलाली बोइंगमधून फोर्डचे प्रमुख म्हणून आले. बोइंगमध्ये ७७७ विमानाच्या कामाच्या वेळी त्यांनी टॉरसच्या टीमची पद्धत अभ्यासली होती, त्यामुळे हे नाव बंद होतंय हे त्यांना पटेना. फेब्रुवारी २००७ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात फोर्डच्या ‘फाइव्ह हंड्रेड’ या गाडीलाच टॉरस म्हणायचं ठरल्याचं जाहीर झालं. पण ती व्होल्वोच्या पायावर उभी असलेली मोठी सेडान होती. पहिली टॉरस १८८ इंच लांब, तर २०१० ची २०३ इंचांच्या आसपास. मिड-साइझची जागा तोवर मेक्सिकोत बनणाऱ्या फोर्ड फ्युजननं घेतली होती, आणि टॉरसची खरी वारस तीच. नाव एकीकडे गेलं, काम दुसरीकडे. मी दोन्ही एकाच वंशावळीत बसवलं होतं, ते आता वेगळं केलं आहे.

राहिली शेवटच्या गाडीची गोष्ट. मोठ्या टॉरसची शेवटची गाडी १ मार्च २०१९ ला शिकागोच्या कारखान्यातून निघाली, आणि मी दोन शेवट एकमेकांत मिसळले. तुम्ही म्हणता तसं जुन्या टॉरसचा शेवट अटलांटाजवळच्या हेपविलमध्ये झाला, २७ ऑक्टोबर २००६ ला सकाळी. ती गाडी ट्रूएट कॅथी यांना मिळाली, चिक-फिल-ए या उपाहारगृहांच्या साखळीचे संस्थापक. त्यांचं १९४६ मध्ये काढलेलं पहिलं छोटं हॉटेल कारखान्याच्या समोरच होतं आणि पाळी सुटली की कामगार तिथे जेवायला यायचे. कारखाना नंतर पाडला. आज त्या जागेवर पोर्शचं उत्तर अमेरिकेतलं मुख्यालय आहे आणि जिथे टॉरसचे सांगाडे जोडले जायचे, तिथे पोर्शच्या गाड्या चालवून बघायचा ट्रॅक.