गाडी पुसण्याआधी बॉनेट उघडा

गाडीवर जीव लावणारी माणसं मला पुष्कळ भेटतात. रोज सकाळी फडकं मारणारी, बारीकसा ओरखडा आला तरी दिवसभर हळहळणारी, सीट कव्हरचा रंग ठरवायला आठवडा घेणारी. त्यांच्याशी बोलताना मी हमखास विचारते, ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं? बहुतेकांना आठवत नाही. कित्येकांना ते बदलावं लागतं हेच माहीत नसतं. हे ऐकून मला खरंच काळजी वाटते, म्हणून आज जरा सविस्तर लिहितेय. पोस्ट मोठी आहे, पण दारात गाडी असेल तर वेळ काढून वाचा.

गाडी सर्व्हिसिंगला टाकली की वर्षभर बघायला नको, ही समजूत मला धोक्याची वाटते. मेकॅनिक कितीही हुशार असला तरी तो तुमची गाडी वर्षातून एकदा-दोनदा बघतो. स्टिअरिंग एका बाजूला ओढायला लागलंय, ब्रेकचं पेडल गेल्या महिन्यापेक्षा खोल जातंय, सकाळी सेल्फ मारल्यावर इंजिन उठायला वेळ लावतंय, हे रोज चालवणाऱ्यालाच कळणार. गाडी अचानक बंद पडली असं आपण म्हणतो, पण बहुतेक वेळा ती आधीपासून काही ना काही सांगत असते. ते ऐकण्याचं काम मालकाचं आहे. गॅरेजला कितीही पैसे दिले तरी ते काम दुसरं कोणी करून देणार नाही.

ब्रेक ऑइलपासूनच सुरू करते, कारण सगळ्यात जास्त दुर्लक्ष तिथेच होतं. बॉनेट उघडलं की काचेच्या बाजूला, बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरच्या समोर, एक छोटी अर्धपारदर्शक डबी दिसते. तिच्यावर मिन आणि मॅक्स अशा दोन रेघा असतात. ताजं ऑइल फिकट पिवळसर असतं, जुनं होत जातं तसं तपकिरी होतं. हे ऑइल हवेतला ओलावा शोषतं, गाडी नुसती उभी असली तरी. ओलावा मुरला की त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. डॉट ४ दर्जाचं ताजं ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत टिकावं लागतं. ओलावा मुरल्यावर तोच दर्जा फक्त १५५ अंशांची हमी देतो.

आता भरलेली गाडी लांबलचक उतारावरून खाली येतेय असं समजा. ब्रेकवर पाय सारखा आहे. डिस्क आणि पॅड कमालीचे तापलेत, आणि ती उष्णता कॅलिपरमधून, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागातून, ऑइलमध्ये उतरतेय. ऑइल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे धरतात. द्रव दाबला जात नाही, म्हणून तर पायाचा जोर चाकापर्यंत पोहोचतो. वाफ मात्र दाबली जाते. पेडल आधी स्पंजासारखं लागतं, मग खालपर्यंत जातं, आणि गाडी थांबत नाही. डबीत ऑइल मॅक्सच्या रेघेपर्यंत भरलेलं असताना हे होऊ शकतं! म्हणूनच बऱ्याच कंपन्या साधारण दोन वर्षांनी हे ऑइल पूर्ण बदलायला सांगतात, गाडी कमी चालली असली तरी. उतारावर खालच्या गिअरमध्ये उतरा, इंजिनलाच वेग आवरू द्या, हेही सांगून ठेवते.

याच डबीबद्दल आणखी एक. पातळी हळूहळू खाली गेली असेल तर लगेच वरून ओतून मोकळं होऊ नका. ब्रेक पॅड झिजत जातात तशी ती थोडी उतरतेच, तेव्हा आधी पॅड बघून घ्या. पातळी झपाट्याने उतरली तर गळती आहे, आणि अशी गाडी चालवत गॅरेजला नेण्यापेक्षा मेकॅनिकला जागेवर बोलवा. ब्रेक ऑइल गाडीच्या रंगावर सांडलं तर रंग उतरतो, त्यामुळे लगेच पाण्याने धुवा.

आता टायर. गाडी रस्त्याला चारच ठिकाणी टेकते आणि प्रत्येक ठिकाणचा भाग जेमतेम तळहाताएवढा असतो. वेग, वळण, ब्रेक, पावसातली पकड, सगळं त्या चार तळहातांवर. तरीही हवा किती भरायची हे आपण हवा भरणाऱ्या मुलावर सोडून देतो, याचं मला वाईट वाटतं. तो आकडा तुमच्या गाडीवरच लिहिलेला असतो, बहुधा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर, नाहीतर इंधनाच्या झाकणाच्या आत. पुढच्या आणि मागच्या चाकांचा आकडा वेगळा असू शकतो, पूर्ण भरलेल्या गाडीचा आणखी वेगळा. टायरच्या बाजूवर कोरलेला आकडा त्या टायरची कमाल मर्यादा असते, तेवढी हवा भरायची नसते. आणि हवा बघायची ती टायर थंड असताना. धावून तापलेल्या टायरमध्ये दाब वाढलेलाच दिसतो. तो जास्त आहे म्हणून कोणी हवा सोडली, तर थंड झाल्यावर टायर कमी हवेवर येतो.

कमी हवा ही जास्त भीतीची गोष्ट आहे. टायरच्या कडा प्रत्येक फेऱ्याला दबतात, उलगडतात, आणि त्या हालचालीत आतून तापत जातात. वेगात फुटणाऱ्या टायरमागे अनेकदा हेच असतं. नायट्रोजन भरावा का, असं मला बऱ्याचदा विचारतात. साध्या हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन असतोच. महिन्यातून एकदा, शिवाय लांबच्या प्रवासाआधी, साध्या हवेचा दाब न चुकता बघणारा माणूस माझ्या मते जास्त सुरक्षित आहे. स्टेपनीही त्याच वेळी बघा. ती लागते तेव्हा नेमकी बसलेली निघते, कारण तिच्याकडे वर्षानुवर्षं कोणी फिरकलेलं नसतं.

टायरची झीज डोळ्यांनी वाचता येते. मधोमध झिजला असेल तर हवा जास्त, दोन्ही कडांना झिजला तर कमी, एकाच कडेला झिजला तर अलाइनमेंट, म्हणजे चाकांचा कोन, बिघडलंय असं आधी धरा. नक्षीच्या खोबणीत आडव्या छोट्या पट्ट्या असतात. रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आलं की नक्षी १.६ मिलिमीटर उरली. पुष्कळ देशांत हीच कायदेशीर सीमा आहे. पण पावसात पाणी बाहेर फेकायला एवढी नक्षी पुरत नाही, मी तिथपर्यंत थांबायचा सल्ला कुणालाच देणार नाही. नक्षी शाबूत असली तरी वय बघा. टायरच्या बाजूवर डॉट (DOT) या अक्षरांनी सुरू होणाऱ्या कोडच्या शेवटी चार आकडे असतात. ३५२१ असेल तर तो टायर २०२१ सालच्या ३५व्या आठवड्यात बनला. कमी चालणाऱ्या गाडीत नक्षी नवीकोरी दिसते आणि रबर मात्र कडक होऊन कडांना भेगा पडलेल्या असतात.

इंजिन ऑइलबद्दल सगळ्यांना थोडंफार माहीत असतं, तरी डिपस्टिक स्वतः ओढून बघणारे कमीच. गाडी सपाट जागी उभी करा, इंजिन बंद करून पाचेक मिनिटं जाऊ द्या. डिपस्टिक काढा, पुसा, पुन्हा पूर्ण आत घाला आणि मग काढून वाचा. दोन खुणांच्या मध्ये, वरच्या खुणेजवळ ऑइल हवं. वरच्या खुणेच्या पुढे भरू नका. जास्त झालेलं ऑइल फिरत्या क्रँकशाफ्टला, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याला, लागून फेसाळतं आणि फेसाने वंगण नीट होत नाही. काळं दिसलं म्हणून घाबरू नका, विशेषतः डिझेल गाडीत ते लवकरच काळं होतं. दुधाळ, कॉफीसारखं दिसलं तर मात्र त्यात पाणी किंवा कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, शिरलेलं असू शकतं, ताबडतोब दाखवा.

"माझी गाडी फार चालत नाही, ऑइल कशाला बदलू?" हा प्रश्न मला सारखा ऐकू येतो. दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांमध्ये इंजिन पुरतं तापतच नाही. आत धरलेला ओलावा आणि ऑइलमध्ये उतरलेलं इंधन उडून जायला जी उष्णता लागते ती मिळत नाही, आणि ऑइल कमी किलोमीटरमध्येच खराब होतं. म्हणूनच मॅन्युअलमध्ये किलोमीटर आणि महिने असे दोन्ही आकडे दिलेले असतात, आणि त्यातला जो आधी येईल तो पाळायचा असतो. ५डब्ल्यू-३० वगैरे ग्रेडही, म्हणजे ऑइल किती दाट ते, मॅन्युअलमध्ये बघूनच ठरवा, मित्राच्या गाडीत काय घालतात त्यावरून नको. आणि चालत्या गाडीत ऑइलच्या दाबाचा लाल दिवा लागला तर पुढच्या चौकापर्यंतसुद्धा नेऊ नका. बाजूला घ्या, इंजिन बंद करा. वंगणाशिवाय बेअरिंग खराब व्हायला फार वेळ लागत नाही.

कूलंटचं थोडक्यात सांगते. गरम इंजिनवर रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका, दाबाखालचं उकळतं पाणी थेट तोंडावर येतं. आणि नुसतं नळाचं पाणी भरत राहू नका, आत गंज आणि क्षार धरतात.

बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड जमली असेल तर साफ करा. काढताना आधी निगेटिव्ह, जोडताना निगेटिव्ह शेवटी.

दुचाकीवाल्यांनी चेन बघावी. किती ढील हवी ते मॅन्युअलमध्ये मिलिमीटरमध्ये दिलेलं असतं. साफ करताना आणि ऑइल लावताना इंजिन बंदच हवं, चाक हाताने फिरवा. चालू इंजिनवर चेन पुसताना लोकांची बोटं गेली आहेत.

इलेक्ट्रिक गाडीला काहीच करावं लागत नाही असंही अलीकडे ऐकते. इंजिन ऑइल नाही, हे खरं. पण टायर आहेत, ब्रेक ऑइल आहे, बहुतेक गाड्यांत बॅटरीसाठी कूलंटही आहे. गाडी वजनाने जड असल्यामुळे टायरकडे उलट जास्त लक्ष द्यावं लागतं.

या सगळ्याची नोंद ठेवा. तारीख, किलोमीटर, काय बदललं, एवढंच, वहीत किंवा फोनमध्ये. काढलेला जुना भाग दाखवा असं मेकॅनिकला बिनधास्त सांगा. चांगला मेकॅनिक रागावत नाही, उलट तो भाग हातात देऊन कुठे झिजलाय ते दाखवतो. अशाच एकाने मला टायमिंग बेल्टच्या, म्हणजे इंजिनातल्या पिस्टन आणि व्हॉल्व्हची हालचाल जुळवणाऱ्या दातेरी पट्ट्याच्या, तुटायला आलेल्या दातांवर बोट फिरवायला लावलं होतं. बाहेरून बेल्ट ठीक दिसत होता, मुळाशी मात्र बारीक चिरा होत्या. ज्या इंजिनांमध्ये हा बेल्ट असतो, त्यांतल्या पुष्कळांत तो तुटला की पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतात आणि इंजिन खोलावं लागतं. बेल्ट तुटण्याआधी आवाज करेलच असं नाही, म्हणून त्याची मुदत किलोमीटर आणि वर्षं अशी दोन्हीत ठरलेली असते. जुनी गाडी घेतली असेल आणि बेल्ट कधी बदलला याची नोंद कुठेच सापडत नसेल, तर तो बदललेलाच नाही असं धरून चला आणि पहिल्याच महिन्यात नवीन बसवून घ्या.