ओठ बधिर झाला म्हणजे दाढ बधिर झाली असं नसतं

आज दुपारी कोल्हापुरातल्या राजारामपुरीत एका दातांच्या दवाखान्यात बसले होते. माझं काम किरकोळ, एक फिलिंग निघालेलं. आत खुर्चीवर सात-आठ वर्षांचं पोरगं होतं आणि दार अर्धवट उघडं. "दुखतंय, दुखतंय" म्हणून ते कळवळत होतं आणि आतून उत्तर येत होतं, "काही दुखत नाही, इंजेक्शन दिलंय." त्याचे वडील दारातच उभे. तेही म्हणाले, "पैलवान न्हवं तू? पैलवान रडतोय व्हय?" बाहेर बसलेली दोन-तीन माणसं हसली.

माझं डोकं भणभणलं. फिलिंग न करताच उठून घरी आले आणि आता हे लिहितेय.

तोंड त्याचं, दाढ त्याची, आणि दुखतंय की नाही हे दुसऱ्यांनी ठरवायचं?

मला आई आठवली. १९९६ साल, मी अकरावीत. आईची डाव्या बाजूची खालची दाढ किडलेली, गाल सुजून डोळ्यापर्यंत आलेला. लवंगेच्या तेलाच्या बोळ्यावर तिनं चार दिवस काढले, मग मीच तिला दवाखान्यात नेलं. कुठला ते सांगत नाही, आता त्याचा उपयोगही नाही. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आणि थोड्या वेळानं विचारलं, "ओठ जड वाटतोय?" आई "हो" म्हणाली. "झालं तर मग," म्हणत त्यांनी चिमटा घातला. आईनं हात वर केला. ते म्हणाले, "दाबल्यासारखं वाटतंय नुसतं, काकू. दोन बाळंतपणं काढली की तुम्ही, मग हे काय एवढं?" मांडीवरच्या कापडी पिशवीचा बंद आईनं असा पिळला की शिवण उसवली. रिक्षात घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. रात्री बाबांना म्हणाली, "मीच जरा जास्त केलं."

हे वाक्य माझ्या डोक्यातून आजवर गेलेलं नाही.

माझी भाची बीडीएसच्या, म्हणजे दातांच्या डॉक्टरकीच्या, शेवटच्या वर्षाला आहे. मागच्या दिवाळीत तिला हे सगळं सांगितलं, तर ती म्हणाली, "मावशी, आज्जीला खरंच दुखलं असणार." मग तिनं समजावलं. खालच्या दाढांभोवतीचं हाड जाड असतं, त्यामुळे नुसतं हिरडीत टोचून भागत नाही, जबड्याच्या आत मागच्या बाजूला जिथून नस हाडात शिरते तिथं औषध सोडावं लागतं. ती जागा माणसागणिक थोडी इकडेतिकडे असते, आणि सुई बाहेरून अंदाजानंच जाते. शिवाय जिथं पू झालाय तिथली आम्लता वाढलेली असते. भुलीच्या औषधाचा जो भाग नसेच्या आवरणातून आत शिरू शकतो, तो अशा जागी कमी उरतो. म्हणजे दाढ जितकी जास्त ठणकणारी, तितकी भूल कच्ची. आणि ओठ बधिर झाला तरी दाढेतली नस जागी राहू शकते. हे त्यांना पुस्तकातच शिकवतात!

म्हणजे आई जास्त करत नव्हती. तिनं ओठाबद्दल "हो" म्हटलं तेही खरं होतं, आणि हात वर केला तोही खरा.

दातांच्या डॉक्टरांवर राग काढतेय असं समजू नका. जगाला भूल दिली तीच दातवाल्यांनी. डिसेंबर १८४४ मध्ये अमेरिकेतल्या हार्टफर्डमध्ये होरेस वेल्स नावाच्या दंतवैद्यानं हसवणाऱ्या वायूचा खेळ पाहिला आणि दुसऱ्या दिवशी तोच वायू हुंगून स्वतःची दाढ काढून घेतली. पुढच्या महिन्यात बोस्टनला तो सगळ्यांसमोर हे दाखवायला गेला, तर पेशंट कण्हला. लोकांनी भोंदू म्हणून त्याला हाकललं. पेशंट नंतर म्हणाला की फारसं दुखलंच नव्हतं. पण त्याला विचारतोय कोण! १८४६ मध्ये त्याच शहरात मॉर्टननं ईथरची भूल देऊन दाखवली, तोही दंतवैद्यच, आणि जग बदललं. वेल्सनं ३३व्या वर्षी आत्महत्या केली. आज आपल्याकडे सगळीकडे टोचतात ते भुलीचं औषध, लिग्नोकेन, स्वीडनमध्ये १९४३ मध्ये तयार झालं आणि ते बनवणाऱ्यांपैकी एका तरुणानं आधी स्वतःलाच टोचून पाहिलं. एवढी माणसं यासाठी झिजली, आणि आपण राजारामपुरीत पोराला सांगतोय, पैलवान हो.

बरं, डॉक्टरांची बाजूही आहे. बाहेर वीस माणसं ताटकळलेली असतात, औषधाला वजनाप्रमाणे मर्यादा असते, लहान पोराला तर फारच जपून द्यावं लागतं, आणि कितीतरी पोरं सुई दिसायच्या आधीच भोकाड पसरतात. मान्य.

पण थांबायला किती वेळ लागतो हो? भाची सांगते, औषध सावकाश सोडलं, मिलिलिटरला एक मिनिट, तर टोचणंही कमी जाणवतं. टोचल्यावर पाच-दहा मिनिटं बसू द्यायचं. दाढ बधिर झाली का ते तपासायचं. नाही झाली तर दाढेच्या कडेनं पुन्हा द्यायचं, दुसरं औषध वापरून बघायचं, सूज फार असेल तर आधी पू काढायचा. आणि सगळ्यात आधी पेशंटला सांगायचं, दुखलं तर डावा हात वर कर, मी थांबतो. आणि थांबायचं.

त्या पोराच्या वडिलांचा तसा राग नाही मला. आपल्याकडे तालमीशिवाय गल्ली नाही आणि पोराला "रडू नको"शिवाय दुसरं काय सांगायचं हे कुणी शिकवलेलं नाही. त्यांचाही हात थरथरत होता, मी पाहिलं. पण पुढच्या वेळी त्याचं ऐका हो, दादा. डॉक्टरांना म्हणा, जरा थांबा, तो म्हणतोय ना.

लिहिता लिहिता आईला फोन केला. ती दाढ काढल्यापासून आई दातांच्या दवाखान्याची पायरी चढलेली नाही. तेव्हापासून मिश्री लावते, दोन दात हलतात, भाकरी दुधात कुस्करून खाते आणि विचारलं की म्हणते, मला आवडतीच तशी. आज तिला सगळं सांगितलं, सुजेचं, आम्लतेचं, ओठाचं. बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे माझं नाटक न्हवतं?"

नाही गं आई.

परत गप्प. मग म्हणाली, "तसला डॉक्टर असंल तर बघ एखादा. हात वर केल्यावर थांबणारा."

कोल्हापुरात कुणाच्या ओळखीचे असे डॉक्टर असतील तर मला इनबॉक्सात कळवा. शाहूपुरी, मंगळवार पेठ, कुठंही चालेल. जिना नसला तर बरं, आईचे गुडघे दुखतात. सोमवारी रजा टाकलीय.