३५,००० फुटांवर ‘खंयचो?’

रहस्यपटाला अंधार लागतो, शांतता लागते आणि शेजारी बसलेला माणूस कोण आहे याविषयीचे गाढ अज्ञान लागते. कोकणातल्या घरात यांपैकी अंधाराची सोय पावसाळ्यात आपोआप होते. शांतता मात्र तेथे कधी मुक्कामाला आल्याचे ऐकिवात नाही, आणि अज्ञानाविषयी बोलायचे तर शेजारच्या माणसाची किमान तीन पिढ्यांची माहिती काढल्याशिवाय तेथे कोणी पाण्याचा तांब्यासुद्धा खाली ठेवत नाही. अशा वातावरणात, तेही गणपतीच्या दिवसांत, मालवण तालुक्यातील आत्याच्या माजघरात बसून विमानात घडणारा रहस्यपट पाहणे हा काय प्रकार असतो, हे भोगल्याशिवाय कळत नाही.

ही कल्पना माझ्या भाच्याची. तो मुंबईत अभियांत्रिकी शिकतो आणि आपले शिक्षण सर्वांच्या उपयोगी पडावे अशी त्याची तळमळ असते. भजन आटोपून मंडळी पुढच्या घरी निघाल्यावर त्याने लॅपटॉपची वायर टीव्हीला जोडली. काळ्या वाटाण्यांच्या उसळीवर अजून प्रेम शिल्लक असलेले चार-सहा भजनी मागेच राहिले होते, त्यांच्यात एक मृदंगासह होता. आत्या भिंतीला टेकून बसली आणि चाळीस वर्षे एसटी चालवून निवृत्त झालेल्या बापूकाकांनी एकुलती एक आरामखुर्ची ताब्यात घेतली. हिंदीत बोलणारा हा विदेशी चित्रपट सुरू झाला.

अशा चित्रपटांचा साचा ठरलेला असतो. विमान समुद्रावर पोहोचते, दार बंद, पोलीस नाहीत, उतरायला जागा नाही, आणि दीडशे प्रवाशांपैकी एकाच्या मनात पाप आहे. साध्या वेशातला एक सुरक्षा अधिकारी प्रत्येकाच्या चेहऱ्याकडे संशयाने पाहत फिरतो. येथे प्रेक्षकाने श्वास रोखायचा असतो. आमच्याकडे कोणी रोखला नाही, कारण ती मूळ अडचणच कोणाला पटेना.

“इतक्या वेळात कोणी कोणाक इचारुक नाय, खंयचो म्हणान?” आत्याने विचारले.

तिचा प्रश्न रास्त होता. दादरहून सुटलेली तुतारी एक्स्प्रेस पनवेल गाठण्याआधी आमच्या डब्यातील प्रत्येकाचे गाव, वाडी, देवस्थान, मुंबईतील खोली आणि लग्नाला आलेली मुले यांची संपूर्ण नोंद तयार झालेली असते. समोरच्या बाकावरचा अनोळखी माणूस रोह्यापर्यंत आपल्या मामाच्या साडूचा शेजारी निघतो आणि पुढचा प्रवास त्या साडूच्या बागायतीच्या वादावर जातो. तेथे साध्या वेशातला अधिकारी साधा वेश फार काळ सांभाळू शकत नाही, आणि खुनी तर मुळीच नाही. ‘काय करतास?’ या प्रश्नाला उत्तर दिले नाही तर डबा खवळतो, आणि दिले तर ते सावंतवाडीपर्यंत प्रत्येकाला पाठ होते. विमानातील रहस्यपट टिकून राहतो तो केवळ प्रवाशांच्या माणूसघाणेपणावर, असे माझे मत त्या रात्री पक्के झाले.

गुन्हेगार शोधायला आत्याला पाव तासही लागला नाही. हवाईसुंदरी ढकलगाडी घेऊन आली, तेव्हा खिडकीशी बसलेल्या, चष्मा लावलेल्या, अत्यंत सभ्य दिसणाऱ्या एका गृहस्थाने मान हलवून चहा नाकारला. दिग्दर्शकाने ते दृश्य एखाद-दुसऱ्या क्षणापुरतेच दाखवले होते आणि लगेच कॅमेरा दाढीवाल्या, घामाघूम झालेल्या एका तरुणावर नेला होता. आम्ही सारे त्या दाढीवाल्याच्या मागे लागलो. आत्या लागली नाही.

“त्या चष्मेवाल्याकडे बघ. पोरीन चाय आणल्यान आणि ह्यो हातान नको म्हणता. तेच्या मनात कायतरी आसा.”

पुढे कोणीतरी घाबरून विमानाचे दार उघडायला धावला आणि पार्श्वसंगीत एकदम चढले. नेमके तेव्हाच भाच्याने चित्रपट थांबवला आणि समजावले, की एवढ्या उंचीवर ते दार उघडणे माणसाच्या हातचे नाही. बाहेरची हवा अत्यंत विरळ असते, आतील दाब मात्र साधारण ८,००० फुटांच्या उंचीवर असावा इतका राखलेला असतो. त्यामुळे दार चौकटीत काही टनांच्या जोराने दाबून बसलेले असते. आत्याला यात काहीच नवल वाटले नाही. तिच्या घराचे मागले दार श्रावणात फुगून चौकटीत असेच बसते आणि दसऱ्याशिवाय उघडत नाही. “तेका सांग, उगाच हात दुखवन घेव नको,” असा निरोप तिने पडद्याकडे धाडला.

बापूकाकांचे लक्ष प्रवाशांकडे नव्हतेच. ते पहिल्यापासून वैमानिकावर नजर ठेवून होते. जेवण घेतल्यावर मुख्य वैमानिक मान टाकतो, तेव्हा भाच्याने पुन्हा चित्रपट थांबवून सांगितले, की विषबाधा झाली तर एक तरी शुद्धीत राहावा म्हणून अनेक विमान कंपन्यांत दोन्ही वैमानिकांना वेगवेगळे जेवण देतात. काकांना हा नियम आवडला. फक्त तो एसटीत कधी का आला नाही, याचे त्यांना वाईट वाटले. मग इंजिने बंद पडली. मृदंगवाल्याने नकळत एक थाप मारली. भाच्याने तिसऱ्यांदा चित्रपट थांबवला.

येथे त्याने जे सांगितले ते चित्रपटापेक्षा सरस होते, हे मान्य केले पाहिजे. दहा किलोमीटर उंचीवर दोन्ही इंजिने बंद पडली तरी मोठे प्रवासी विमान दगडासारखे पडत नाही, ते सुमारे दीडशे किलोमीटर तरंगत जाऊ शकते. म्हणजे मालवणावर इंजिने थंडावली तरी पणजी सहज गाठता येईल. २३ जुलै १९८३ रोजी कॅनडात एका बोइंग ७६७ विमानाचे इंधन सुमारे ४१,००० फुटांवर संपले, कारण ते मोजताना किलोच्या जागी पौंडांचा हिशेब धरला गेला आणि लागणाऱ्या इंधनाच्या निम्म्याहूनही कमी इंधन भरले गेले. त्या कप्तानाला इंजिनाविना उडणारे ग्लायडर चालवण्याचा सराव होता. त्याने ते अवजड विमान गिम्ली येथील हवाईदलाच्या जुन्या धावपट्टीवर उतरवले, जिथे त्या दिवशी मोटारींच्या शर्यतीसाठी माणसे जमली होती, आणि सगळे प्रवासी वाचले.

माजघरात थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग बापूकाकांनी आयुष्यभराच्या अनुभवाने निकाल दिला. “डिझेल मोजूक येणा नाय, पण गाडी लावल्यान बरोबर.”

अखेर तो चष्मेवालाच गुन्हेगार निघाला. या धक्क्यासाठी दोन तास खपलेल्या लेखकाची मला खरोखर दया आली, कारण आमच्याकडे धक्का असा कोणाला बसलाच नाही. ही माणसे दशावतारावर पोसलेली आहेत. तेथे खलनायक रंगमंचावर येतो तोच आरोळी ठोकत, आपण कोण आणि कोणाचा नाश करायला आलो आहोत हे स्वच्छ सांगत; आणि हे ठाऊक असूनही लोक पहाटेपर्यंत जागचे हलत नाहीत. नाव लपवून बसणाऱ्या खलनायकाविषयी त्यांना भीती वाटत नाही, थोडी कीव वाटते.

खरा थरार त्यानंतर सुरू झाला. विमान एका शेतात घसरत थांबले, हवा भरलेल्या घसरगुंड्या बाहेर फेकल्या गेल्या आणि हवाईसुंदरी ओरडू लागली, की सामान जिथल्या तिथे सोडा आणि उडी मारा. निम्मीच दारे वापरून सगळे विमान नव्वद सेकंदांत रिकामे करता आले पाहिजे, असा नियम असल्याचे भाचा सांगत होता, पण त्याचे ऐकतो कोण? आत्या भिंतीपासून सरकून ताठ बसली होती.

“सामान सोडूक? त्या पोरीचा काय जाता सांगूक? सोलां आसतीत, फणसपोळी आसतली, कोणी लेकीक कुळदाचा पीठ दिल्यान आसात.”

यावर एकमत झाले. नव्वद सेकंदांचा नियम करणाऱ्याने गणपतीनंतर मुंबईला परतणारी गाडी पाहिलेलीच नाही, असे एका भजन्याने ठामपणे सांगितले. दुसऱ्याने घसरगुंडीवरून आधी पोते आणि मग माणूस असा क्रम सुचवला. पोते आधी गेले तर खालचा माणूस घेऊन पळेल, अशी तिसऱ्याची शंका होती आणि तीही विचार करण्यासारखी होती. चित्रपटाची श्रेयनामावली केव्हाच संपून गेली होती. शेवटी बापूकाकांनी आरामखुर्चीतून नियम सांगितला, “टपावरचा सामान कंडक्टरान उतरवन देवक व्हया.”

विमानाला टप नसतो हे सांगण्यासाठी भाच्याने तोंड उघडले, तेवढ्यात आतून चहाचा ट्रे आला. आणि आत्याच्या देखत तो नाकारण्याची हिंमत त्या रात्री आमच्यापैकी कोणालाही झाली नाही.