तांबं म्हणजे धातूच की!

दगड फोडून हत्यारं घडवायला शिकवणाऱ्या या लेखाचं शीर्षक ‘धातूविना दगडी हत्यारं’ आणि आत छिलके, म्हणजे दगडाच्या कपच्या, काढायला सल्ला तांब्याचं टोक लावलेल्या काठीचा? मग ते धातूविना कसं? बरं, सांबराचं शिंग वापरा म्हणावं तर आपल्याकडे गळून पडलेलं शिंग बाळगणंही वन्यजीव कायद्यात बसत नाही. खैरासारख्या कठीण लाकडाचा दांडा घ्या. पातळ छिलके काढायला बरा पडतो.

मी बेळगावजवळच्या खानापूरकडचा. आमच्याकडचा काळा दगड पाट्या-वरवंट्याला उत्तम, शिकायला नाही. गोकाककडचा क्वार्टझाइट हा कठीण दगड बरा. मलप्रभेच्या खोऱ्यात आदिमानवाने हातकुऱ्हाडी त्याच्याच घडवल्यात. घेताना आधी वाजवून बघा. खणखणीत वाजला तर घ्या, बद्द आवाज आला तर आत चीर आहे, सोडून द्या.

माझे पहिले दोन महिने नुसता भुगा झाला. कारण मी दगडाच्या मधोमध ठोकत होतो! कडेचा कोन नव्वद अंशांहून कमी हवा आणि घाव अगदी काठाजवळ, तिरका. काठ आधी खरबरीत दगडावर घासून घ्या, नाहीतर तो चुरतो आणि छिलका अर्ध्यातच तुटतो. ठोकायच्या गोट्यापेक्षा कोन महत्त्वाचा, हे लेखात एका ओळीत उरकलंय.

चष्मा घाला, मांडीवर जाड चामडं घ्या आणि बसा उघड्यावर. दगडाची उडणारी धूळ फुप्फुसात कायमची बसते. आणि कृपा करून नदीकाठच्या जुन्या जागी ठोकत बसू नका. तुमचे छिलके उद्या कुणीतरी हजारो वर्षांपूर्वीचे म्हणून गोळा करेल. मी माझे गोणीत भरून घरी आणतो, बायको काय म्हणते ते विचारू नका.