६०० रुपयांत उडत्या बोटीने कोकण? आधी रेल्वेचं तिकीट काढा

परवा देवगडहून मामाचा फोन, "यंदा रेल्वेची तिकिटां काढू नको, उडती बोट येता हा." त्याला फॉरवर्ड आलाय की आयआयटीच्या पोरांनी पाण्यावरून उडणारी बोट बनवली, मुंबई-विजयदुर्ग अर्ध्या तासात, तिकीट ६०० रुपये, पावसा-लाटांचा त्रास नाही, या गणपतीपासून सुरू. गणपतीचं बुकिंग ६० दिवस आधी उघडतं आणि बघता बघता वेटिंग लागतं, अशात कोणी या मेसेजवर थांबलं तर सण मुंबईतच जाईल, म्हणून लिहितोय.

मूळ गोष्ट कलकत्ता-चेन्नईची. आयआयटी मद्रासच्या पाठबळाने उभी राहिलेली वॉटरफ्लाय कंपनी, १,६०० किमी, तीन तास, सीटमागे ६०० रुपये. फेब्रुवारी २०२५ मध्ये आनंद महिंद्रांनी शेअर केलं आणि ते सगळीकडे फिरलं. पण ते कंपनीने ठेवलेलं टार्गेट होतं, आधी छोटा प्रोटोटाइप मग मोठा असं त्यांनीच सांगितलं होतं. आयआयटीचं नाव आहे म्हणजे गाडी फलाटाला लागली असं होत नाही.

आता "लाटांचा त्रास नाही", यावर माझं डोकंच फिरलं. या बोटीला विमानासारखे पंख असतात, आणि पंख पाण्याच्या अगदी जवळ असला की खालची हवा दाबली जाऊन गादीसारखी उचल देते, म्हणून कमी ताकदीत वेग मिळतो. म्हणजे पाण्यापासून चारेक मीटरवरच राहायचं, आणि पावसाळ्यात आपल्याकडे खोल समुद्रात लाटाच तीन-चार मीटरच्या असतात. शिवाय उडायच्या आधी बोटीसारखं पाण्यावरून धावावं लागतं ते वेगळंच.

त्याहून वाईट म्हणजे होड्या. मासेमारी बंदी ३१ जुलैला संपते, नारळी पौर्णिमेनंतर सगळे समुद्रात, आणि लगेच गणपती. १,६०० किमी तीन तासांत म्हणजे ताशी ५०० किमीच्या वर, एक किलोमीटर सात सेकंदांत! जाळं ओढणारी होडी सात सेकंदांत कुठे बाजूला होणार? समुद्रात टक्कर टाळायचे जे आंतरराष्ट्रीय नियम आहेत त्यातला नियम १८ स्पष्ट सांगतो की अशा यानाने उडताना, उतरताना आणि पाण्यालगत जाताना बाकी सगळ्या बोटींपासून लांब राहायचं. रत्नागिरी-देवगडसमोर हंगामात लांब राहायला मोकळी जागा कुठाय ते मामानेच सांगावं, तो स्वतः रापणीच्या मासेमारीला गेलेला माणूस आहे. सोव्हिएत रशियाने १९६६ मध्ये कॅस्पियन समुद्रावर असलं प्रचंड यान उडवलं होतं, १९८० मध्ये ते कोसळलं, आणि इतक्या वर्षांत मोठी प्रवासी सेवा कुठेच उभी राहिली नाही.

६०० रुपयांचं काय, तर २०२५ मध्ये मुंबई-विजयदुर्ग रो-रोचं (गाड्याही नेणाऱ्या फेरी बोटीचं) जे सगळ्यात स्वस्त तिकीट जाहीर झालं ते २,५०० होतं, तेही २५ नॉटने, म्हणजे ताशी साधारण ४६ किमीने जाणाऱ्या साध्या जहाजाचं.

एक मान्य करतो, वेगवान नवी फेरी ही नुसती थाप नाही. स्वीडनच्या स्टॉकहोममध्ये ऑक्टोबर २०२४ मध्ये कँडेला पी-१२ ही इलेक्ट्रिक बोट पाण्याखालच्या पंखांवर उचलून चालायला लागली, ३० माणसं, ५५ मिनिटांचा प्रवास साधारण अर्ध्या तासात. पण ते तलावाचं शांत पाणी. मुंबईच्या खाडीत किंवा मांडव्याला हिवाळ्यात असलं काही झालं तर मी पहिल्या दिवशी जाईन.

तोवर मामा, बुकिंग उघडेल त्या दिवशी सकाळी आठला मी लॉगिन करून बसतोय. मामीला सांग, आम्ही चौघं कणकवलीला उतरू.