सशाला आंघोळ घालतानाचे व्हिडिओ मला पाठवू नका

सकाळपासून तोच एक व्हिडिओ सगळ्या ग्रुपवर फिरतोय. लांब केसांचा पांढरा ससा, बेसिनमध्ये उताणा धरलेला, अंगभर शाम्पूचा फेस, आणि खाली बदामांचा नुसता पाऊस. "किती शांत पडलाय बघ", "मस्त स्पा चाललाय". सकाळी दुर्लक्ष केलं मी, पण दुपारी एका मैत्रिणीने "पिंजूला पण असं न्हाऊ घाल ना एकदा" (पिंजू म्हणजे माझा लांब केसांचा ससा) म्हणून परत तोच पाठवला आणि डोकंच फिरलं माझं.

अगं तो शांत नाहीये, तो घाबरून निपचित पडलाय! सशाला उताणं केलं की तो हलायचा थांबतो कारण आपण कुणाच्या तरी तावडीत सापडलोय असं त्याच्या शरीराला वाटतं, जीव वाचवायचा तो शेवटचा उपाय असतो त्याचा. आणि आपण त्यावर गाणं लावून रील करायचं. आंघोळ सशाला लागतच नाही, तो दिवसभर स्वतःला चाटून स्वच्छ ठेवतो. हे असले दाट केस एकदा आतपर्यंत भिजले की वाळता वाळत नाहीत, अंग गार पडतं, भीतीने सशाला शॉक बसू शकतो, त्यात जीवही जातो. आणि केसात आधीच गुंता असेल तर पाणी लावून चोळल्यावर त्याचा दाबलेल्या लोकरीसारखा घट्ट नमदा होतो, मग तो कुणाच्या बापाला सुटत नाही.

बरं, मागची बाजू घाण झाली असेल तर तेवढाच भाग कोमट पाण्याने धुवावा लागतो कधीकधी, मान्य. पण तेवढाच, आणि नंतर पूर्ण कोरडा करून. आणि ती घाण का होतेय हे डॉक्टरांना विचारायचं, कारण धड असलेला ससा बुडाला घाण चिकटवून फिरत नाही.

पिंजू आमच्याकडे आला तेव्हा कसा होता हे माझ्या जुन्या मित्रमैत्रिणींना आठवत असेल. ज्या घरातून आला ते लोक म्हणाले, "पाय अधू आहेत त्याचे, जन्मापासून असाच चालतो." छोट्या छोट्या उड्या मारायचा, मागचे पाय जोडून. बाहेरून बघितलं तर काय सुंदर ससा! पण मी पोटाखाली हात घातला आणि हाताला केस लागेचनात, एक सलग जाड पत्रा लागला. दोन्ही मांड्यांच्या मधले केस एकमेकांत गुंतून एकच गठ्ठा झाला होता. पाय अधू नव्हते हो, बांधलेले होते. स्वतःच्याच केसांनी.

आणि तिथे लोकांचा पहिला सल्ला काय, तर "कात्रीने काप ना." मला हे लिहिताना पण अंगावर काटा येतो. सशाची कातडी अगदी पातळ असते आणि गाठ ओढली गेली की कातडी त्या गाठीत वर उचलली जाते, कुठे केस संपले आणि कुठे कातडी सुरू झाली ते दिसतच नाही. एक कच आणि चीर. आमच्या डॉक्टरांनी ट्रिमरने काढलं सगळं, ते पण एका बैठकीत नाही, मध्ये मध्ये सोडत, कारण जास्त वेळ दाबून धरलं आणि त्याने मागचे पाय जोरात झाडले तर सशाचा मणका मोडू शकतो. मी बाजूला उभी होते. गठ्ठा निघाला तशी खालची लालभडक, ओलसर कातडी दिसली, तो वास अजून आठवतो मला. आणि घरी आणल्यावर पिंजूने काय करावं, तर त्याने दोन्ही पाय मागे लांब केले आणि पोट जमिनीला टेकवून पसरला. हे त्याला करताच येत नव्हतं इतके दिवस. मला रडू आवरलं नाही.

म्हणून चिडते मी. अंगोराचे, म्हणजे पिंजूसारख्या लांब केसांच्या जातीच्या सशाचे, केस महिन्याला साधारण अडीच सेंटीमीटर वाढतात, म्हणजे थोडे दिवस हात फिरवला नाही की संपलं. आणि हे काही फक्त दिसण्याचं प्रकरण नाहीये. ससा चाटताना केस गिळतो, आणि त्याला उलटी करता येत नाही, बाहेर टाकायची सोयच नाही निसर्गाने दिलेली. पोटात पुरेसं तंतुमय काही नसेल तर ते केस अन्नात गुंततात, आतडी मंदावतात, ससा खाणं सोडतो, लेंड्या बारीक होतात, केसाने एकमेकींना जोडलेल्या माळेसारख्या येतात, नाहीतर बंदच होतात. दहा-बारा तास ससा खात नसेल, लेंड्या टाकत नसेल तर उद्या बघू म्हणायचं नाही, डॉक्टर गाठायचा. त्यामुळे विंचरणं जेवढं महत्त्वाचं तेवढंच वाळलं गवत, त्याच्या खाण्यात 80 टक्क्यांच्या वर तेच पाहिजे. आणि गरमीत बुडाखालचे केस ओले-घाण राहिले तर माशी तिथे अंडी घालते, दिवसभरात अळ्या होतात आणि त्या जिवंत सशाची कातडी खातात. वाचायला किळस वाटली ना? वाटू दे. दिवसातून दोनदा शेपटी उचलून बघायचे कष्ट घेतले की टळतं हे.

पिंजूची कातडी भरून आल्यावर मी त्याला विंचरायला लागले ते आजपर्यंत. जमिनीवर बसते, मांडीवर टॉवेल, कारण उंचावरून उडी मारली तर पाय मोडेल. आधी नुसती फुंकर मारायची, केस दुभंगतात आणि तळाची गुलाबी कातडी दिसते, कोंडा आहे का, लाल आहे का सगळं कळतं. मग बोटं. गाठ लागली की तिच्या मुळाशी दोन बोटांनी चिमटीत धरायचं म्हणजे ओढ कातडीपर्यंत जात नाही, आणि टोकाकडून हळूहळू मोकळी करायची, मग मोठ्या दातांची फणी. कानामागे, हनुवटीखाली, बगलेत, जांघेत, गाठी तिथेच लपतात, पाठीवर कुणीही ब्रश फिरवेल. सुरुवातीला जांघेकडे हात गेला की थाड थाड पाय आपटायचा, आता डोळे अर्धे मिटून हळूच दात कुरकुरवतो, ससा खूश असला की करतो तसं. कंटाळला की नाकाने हात ढकलतो, मग मी थांबते. उरलेलं उद्या.

आता कुणीतरी म्हणेल, सगळ्यांना एवढा वेळ नसतो. ठीक आहे, नसतो. मग केस बारीक करून टाका ना! ट्रिमरने आखूड केलेला अंगोरा फोटोत कापसाचा गोळा दिसत नाही एवढंच, पण त्याला उकडत नाही, गाठी होत नाहीत. मी पिंजूचे उन्हाळ्यात आखूडच ठेवते आणि "अरेरे, काय केलंस हे" म्हणणाऱ्यांना मी उत्तर देत नाही. केस कुणाचे आहेत? त्याचे. त्याला बरं वाटतंय, विषय संपला.

सगळे मुद्दाम करतात असं नाही म्हणत मी, विकणारा काही सांगत नाही आणि घेणाऱ्याला मऊ मऊ पिल्लू दिसतं. पण ते पिल्लू आठ-दहा वर्षं जगतं हो, मुलांची हौस त्याच्या आधीच फिटते, आणि मग "केस फार गळतात, कुणाला हवाय का" अशी पोस्ट. पिंजूची पण अशीच पोस्ट होती.

ज्यांच्या घरी लांब केसांचा ससा आहे त्यांनी आजच त्याच्या बगलेत आणि जांघेत बोटं घालून बघा. कडक काही लागलं तर कात्री काढू नका, पाणी लावू नका. सशांचं कळणाऱ्या डॉक्टरकडे न्या, असे डॉक्टर कमी असतात म्हणून आधी फोन करून विचारा. आणि कातडी ठीक असेल, नुसत्या गाठी असतील आणि एकट्याने धरायला जमत नसेल तर मला मेसेज करा. ट्रिमर आहे माझ्याकडे, जवळ असाल तर मी येते.