'डाय', 'टेट्रा' धरून वर्णक्रम लावू नका

बारावीच्या मुलांमध्ये एक टिपण फिरतंय: कोऑर्डिनेशन संयुगाचं नाव लिहिताना लिगंडचा (म्हणजे मधल्या धातूला जोडलेल्या रेणूंचा किंवा आयनांचा) वर्णक्रम 'डाय', 'ट्राय', 'टेट्रा' धरून लावायचा. हे चूक आहे. वर्णक्रम लिगंडच्या मूळ नावाच्या इंग्रजी स्पेलिंगवरून लागतो. संख्या दाखवणारा उपसर्ग त्यात मोजत नाहीत.

कोबाल्टला चार अमोनिया आणि दोन क्लोराइड जोडलेले, बाहेर आणखी एक क्लोराइड. टिपणाप्रमाणे 'डी' आधी, 'टी' नंतर, म्हणून 'डायक्लोरिडोटेट्राअमाइन' होईल. खरं नाव मात्र टेट्राअमाइनडायक्लोरिडोकोबाल्ट(३) क्लोराइड. जोडलेल्या अमोनियाला 'अमाइन' आणि क्लोराइडला 'क्लोरिडो' म्हणतात; अमाइनचा 'ए' क्लोरिडोच्या 'सी'च्या आधी येतो, एवढंच. (या अमाइनच्या स्पेलिंगमध्ये दोन 'एम' असतात, तेही जपा.)

जुन्या पुस्तकांत क्लोराइड आधी दिसतो, कारण तेव्हा ऋणभारित लिगंड आधी लिहायची रीत होती. 'क्लोरो'चं 'क्लोरिडो' तर आयुपॅकच्या (रसायनांच्या नावांचे नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या) २००५ च्या शिफारशींत झालं.

एक अपवाद मात्र खरा आहे आणि गोंधळ बहुधा तिथूनच उठला असावा. डायमिथिलअमाइनमधला 'डाय' लिगंडच्या नावाचाच भाग आहे, म्हणून तो 'डी'खालीच येतो. असे दोन लिगंड असले की 'बिस' लावून नाव कंसात लिहितात. 'बिस'ही वर्णक्रमात मोजत नाहीत.